१०१ दिवस उकळलेलं पाणी

शाळेत आपण सगळ्यांनी वहीत दोन रकाने पाडलेत. बर्फ वितळला, पाण्याची वाफ झाली: भौतिक बदल. लोखंड गंजलं, कागद जळला: रासायनिक बदल. पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण कुठला बदल कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठरवताना मोठमोठ्या माणसांची कशी दांडी उडाली होती, ते आज ऐकू.

अडीचशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांना वाटायचं की पाणी खूप उकळलं की त्याची माती होते. हसू नका, पुरावा होता! काचेच्या भांड्यात शुद्ध पाणी दिवसेंदिवस तापवलं की तळाशी गाळ दिसायचा. त्यात व्हान हेल्माँटचा जुना प्रयोग. त्याने २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती घटली जेमतेम दोन औंस. म्हणजे पाण्याचंच झाड झालं, असा त्याचा निष्कर्ष. हवेचा हिशोब त्याने धरलाच नाही. आणि गंमत बघा, 'गॅस' हा शब्द त्यानेच दिलेला.

१७६८ साली पॅरिसमध्ये अँटोनी लॅव्हाझिएने हे तपासायला घेतलं. वय २५. त्याने 'पेलिकन' नावाचं काचेचं भांडं घेतलं. यात वाफ वर जाते, थंड होते आणि बाजूच्या नळ्यांतून पुन्हा खाली येते. पाणी भरलं, तोंड बंद केलं, वजन केलं आणि तब्बल १०१ दिवस तापवत ठेवलं.

गाळ आला. आता मला आवडतो तो भाग. त्याने आधी बंद भांड्याचंच वजन केलं. काहीच फरक नाही! म्हणजे बाहेरून, आगीतून वगैरे आत काही आलेलं नाही. मग भांडं रिकामं करून तोललं, तर काच साधारण १७ ग्रेननी हलकी झालेली. आपल्या मापात जवळपास एक ग्रॅम. आणि पाण्यातून निघालेला ऐवजही साधारण तेवढाच. आमच्या डीबगिंगच्या भाषेत सांगायचं तर सगळे पाण्यावर संशय घेत होते आणि बग निघाला भांड्यात.

म्हणजे एकाच भांड्यात दोन्ही रकाने चालू होते. पाण्याची वाफ, वाफेचं पाणी, हा १०१ दिवसांचा भौतिक बदल. आणि गरम पाणी काचेला हळूहळू खात होतं, तो रासायनिक. डोळ्यांनी बघून हे कळलंच नसतं, तराजूच लागला.

त्याच वर्षी लॅव्हाझिएने राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदारी घेतली. त्या पैशातून पुढे भारी उपकरणं आली आणि त्याच भागीदारीपायी ८ मे १७९४ ला गिलोटिनही. पण त्याआधी, १७८३ मध्ये, त्याने आणखी एक धक्का दिला होता: पाणी हे मूलद्रव्यच नाही. ती गोष्ट पुढच्या एपिसोडमध्ये.