टेनिस एल्बो : कोणतं इंजेक्शन घ्यावं, की घेऊच नये?

कपडे पिळताना, चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. डॉक्टर सांगतात, टेनिस एल्बो. आयुष्यात कधी रॅकेट न धरलेल्या टेलर, सुतार, आचारी आणि रोज कणीक मळणाऱ्या आपल्या अम्मी-खालांनाही हा त्रास होतो. मनगट मागे उचलणारा स्नायू कोपराच्या हाडाला जिथं जोडलेला असतो, तिथली दोरीसारखी शीर सततच्या ताणानं झिजते.

ईदचा सीझन तोंडावर असला की टेलरभाई म्हणतात, "डॉक्टरसाहेब, एक सुई मारून टाका!" पण सुई कोणती, हे आधी समजून घेऊ.

स्टिरॉइड : स्वस्त आणि झटपट. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ९२ टक्के, फिजिओथेरपीवाल्यांपैकी ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांना चांगला आराम होता. वर्षभरानं मात्र चित्र उलटलं: स्टिरॉइड ६९, फिजिओथेरपी ९१, वाट पाहणारे ८३. ऑस्ट्रेलियातल्या २०१३ च्या अभ्यासात स्टिरॉइडनंतर ५४ टक्के लोकांचं दुखणं परत आलं. नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई घेतलेल्यांमध्ये १२ टक्के. शुगर असेल तर स्टिरॉइडनं ती काही दिवस वाढू शकते. सुईच्या जागी कातडी फिकट किंवा पातळ होऊ शकते.

पीआरपी : आपलंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, प्लेटलेट्सचा भाग कोपरात सोडतात. खर्च बराच जास्त. स्टिरॉइडशी तुलना केली तर वर्षभरानं पीआरपी सरस दिसलं. पण स्टिरॉइडच पुढे मागे पडतं, मग त्याच्यापेक्षा सरस ठरणं मोठं नाही. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ अभ्यास तपासले गेले. खोट्या इंजेक्शनपेक्षा पीआरपीचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही.

बोटॉक्स : दुखणं थोडं कमी होऊ शकतं, पण बोटं सरळ करायची ताकद काही काळ जाऊ शकते. हातावर पोट असणाऱ्याला हे परवडणारं नाही.

मग करायचं काय? बहुतेकांचा टेनिस एल्बो साधारण वर्षभरात आपोआप बरा होतो. वजन तळहात खाली ठेवून उचलू नका, हात तळहात वर ठेवून वापरा. पट्टा बांधा, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम नेटानं करा. सुई घ्यायचीच ठरली तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: औषध कोणतं, खर्च किती, आणि वर्षभरानं काय? सुईनंतर दुखणं थांबलं म्हणून लगेच ओझं उचलू नका. हाताला मुंग्या येत असतील, मानही दुखत असेल, तर आधी नीट तपासणी करून घ्या. आजार वेगळा असू शकतो.

सीझन दोन महिन्यांचा असतो, हात मात्र आयुष्यभर लागतो. आमचं सांगणं एवढंच की घाईत सुई घेऊ नका.