इंग्रजी आठाची पट्टी

जुईनगरला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही गुडघ्यांत गेल्या वर्षी एकेक पट्टी बसली. पट्टी बोटाच्या पेराएवढी, दोन भोकांची, दोन स्क्रूंची, कमरेत बारीक. इंग्रजी आठासारखी दिसते म्हणून डॉक्टर तिला 'एट प्लेट' म्हणतात. (आपला ८ डोळ्यांपुढे आणला तर काहीच उलगडत नाही.) ही मुलगी उभी राहिली की गुडघे टेकायचे आणि घोटे लांब राहायचे. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी ती घरात चालत होती. प्लास्टर नाही, काही नाही. आजीची तर निराशाच झाली. एवढ्याशा पट्टीने पाय सरळ होतो हे तिला पटेना. मलाही पटेना, म्हणून पट्टीची वंशावळ शोधत बसलो.

पहिला घोळ शब्दाचाच. गुडघे टेकण्याच्या या दोषाला वैद्यकात 'जेनू व्हॅल्गम' म्हणतात. पण जुन्या लॅटिनमध्ये 'व्हॅल्गस' म्हणजे धनुष्यासारख्या बाहेर वाकलेल्या पायांचा माणूस. गुडघे टेकणारा तो 'व्हॅरस'. पुढे डॉक्टरांच्या हाती दोन्ही शब्दांची अदलाबदल झाली आणि तीच रूढ झाली. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण आपण 'फेंगडा' या एकाच शब्दात दोघांची बोळवण करतो.

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने ऐंशी उलटल्यावर मुलांच्या हाडांवर पुस्तक लिहिलं आणि 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. सरळ आणि मूल, या दोन ग्रीक शब्दांची ती जोडणी. त्या पुस्तकातलं वाकड्या रोपाला खुंटाशी दोरीने बांधल्याचं चित्र आजही हाडांच्या डॉक्टरांच्या संघटना बोधचिन्ह म्हणून मिरवतात. वाकड्या पायावर आंद्रीचा उपाय बांधण्याचा होता. हाड कापणं त्या काळी जवळपास मरणाला बोलावणं होतं, कारण जखम हमखास सडायची.

ती भीती जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक अॅसिडने कमी केली. मग स्कॉटलंडमध्ये दोघांनी हत्यारं उपसली. अॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टनने १८७६ मध्ये छोट्या छेदातून करवत घालून मांडीच्या हाडाचं आतलं टोक कापलं आणि वर सरकवलं. पाय सरळ झाला, पण करवत थेट सांध्यात शिरत होती. हाच ऑग्स्टन पुढे पुवात स्टॅफिलोकॉकस जंतू शोधून अमर झाला. त्याची गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र मागे पडली.

टिकली ती ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूएनची. त्याने सांध्याला हात लावला नाही. गुडघ्याच्या थोडं वर, मांडीच्या आतल्या बाजूने हाड छेदलं. त्यासाठी त्याने सुताराचं हत्यारही बदललं. पटाशीला एकाच अंगाने उतार असतो, त्यामुळे ती खोल जाताना बाजूला सरकते. मॅक्यूएनने दोन्ही अंगांनी उतार दिला. मराठीत सांगायचं तर पटाशी टाकून त्याने छिन्नी धरली. हाड आरपार कापायचंही नाही. बरंचसं कापायचं आणि उरलेलं, बिजागरी ठेवल्यासारखं, हाताने वाकवून सरळ करायचं. १८८० च्या 'ऑस्टिऑटमी' या पुस्तकात त्याने हे सारं मांडलं. हाडाचा उरलेला पदर बिजागरीसारखा वापरण्याची ती युक्ती आजचे सर्जनही वापरतात. माझ्या मते या वंशावळीचा मूळ पुरुष तोच.

पण ग्लासगोत एवढे वाकडे गुडघे आले कुठून? गिरण्यांचा धूर, अंधाऱ्या चाळी आणि मुडदूस. ऊन न मिळालेलं हाड मऊ राहतं आणि अंगाच्या भाराने वाकतं. याचा एक दाखला आपल्या नाशिकचा आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत मुडदूस होता, शेतावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळपास नव्हता. नाशिकच्या उन्हाला तोटा नव्हता, ते घरात येऊ दिलं जात नव्हतं. मॅक्यूएनची छिन्नी जे निस्तरत होती ते अंगणात फुकट टळलं असतं.

मुंबईत मात्र पाय वाकडे करणारा मोठा शत्रू पोलिओ होता. मुलीला पोलिओ झालेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजी अलीला मुलांचं हाडांचं रुग्णालय उभं राहिलं ते त्यातून. पोलिओत काही स्नायू लुळे पडतात, उरलेले ओढत राहतात आणि वाढतं हाड त्या ओढीने वळतं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या पिढीचे पाय अजून आपल्यात आहेत. विदर्भ-मराठवाड्यात, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे, विहिरी-बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा आणखी एक गुन्हेगार. ते जास्त झालं की हाडं बिघडतात. आजच्या तेलंगणातल्या नलगोंडा भागातल्या मुलांचे गुडघे असेच आत वळल्याची नोंद १९७३ मध्ये झाली.

  

मॅक्यूएनच्या छिन्नीचा वंश इथून वळतो. १९४९ मध्ये मिलवॉकीच्या वॉल्टर ब्लाउंट यांनी हाड न कापता त्याच्या वाढीच्या चकतीवर, एका बाजूला, स्टेपल ठोकल्या. गुडघ्यापाशी मांडीचं हाड वर्षाला ९-१० मिलिमीटर वाढतं. आतली बाजू रोखली की बाहेरची वाढत राहते आणि पाय आपोआप सरळ होत जातो. स्टेपल ताठ असत, म्हणून निसटत, तुटत. २००७ मध्ये पीटर स्टीव्हन्स यांनी अमेरिकेतल्या यूटातून त्यांच्या जागी दोन स्क्रूंची ही पट्टी सुचवली. हाड वाढेल तसे तिचे स्क्रू फाकतात, त्यामुळे ती झगडत नाही. फिरून आंद्रीच्या रोपाकडेच आलो, फक्त दोरी कातडीखाली गेली.

आमच्या छोट्या शेजारणीला दर तीन-चार महिन्यांनी कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढावा लागतो. पाय सरळ झाला की पट्टी काढायची. विसरलं तर पाय उलट्या बाजूला वळू लागतो.

मुलींची वाढ साधारण चौदाव्या, मुलांची सोळाव्या वर्षी थांबते. त्यानंतर पट्टी निरुपयोगी, पुन्हा मॅक्यूएनची छिन्नी. केंद्रीय दलांच्या भरतीत टेकणारे गुडघे चालत नाहीत. अठराव्या वर्षी हे कळलेला पोरगा हाडांच्या डॉक्टरकडे धावतो. तेव्हा हाड कापून ते धरून ठेवायला दुसऱ्याच प्रकारची धातूची पट्टी बसवावी लागते आणि व्रण तपासणीत लपत नाही.

तीन-चार वर्षांच्या बहुतेक मुलांचे गुडघे टेकतातच, सातव्या वर्षापर्यंत ते आपोआप सुधारतात, तिथे घाबरू नका. पण दहाव्या वर्षी मुलाला गुडघे जुळवून उभं करा आणि घोट्यांत किती बोटं मावतात ते पाहा. भरतीचा फॉर्म भरताना पाहू नका.