घरातली बंदूक आणि दारातला कायदा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरात माझ्या लहानपणी एक ठासणीची बंदूक होती. आजोबांच्या खोलीत, पोरांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ती खुंटीला टांगलेली असे. परवाना होता शेती संरक्षणाचा. डुकरं भातात शिरायची, वानरं नारळ पाडायची. त्यांना हुसकावण्यासाठी ही बंदूक. गावात कुठे चोरी झाली की मात्र आजी हमखास म्हणायची, "आपल्याकडे बंदूक आहे, आपल्याला काय भीती!" आजोबा त्यावर काही बोलत नसत. ती बंदूक पावसाळ्यात किती वेळा उडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे. गजाने सगळं ठासायचं, मागे केप बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काळी दारू हवेतला ओलावा शोषते. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि कोरडी दारू यांचं जमायचं कसं? 'फुसका बार' हा शब्दप्रयोग आपण पुढाऱ्यांच्या भाषणांसाठी वापरतो, आजोबांना तो शब्दशः ठाऊक होता. एखादी गोष्ट आपण 'ठासून' सांगतो, तेव्हाही हाच गज कुठेतरी मनात असतो.

मग लोक अशीच बंदूक का ठेवत? ती स्वस्त होती हे खरंच. पण दुसरं कारण कायद्यात आहे, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारने शस्त्रांवर निर्बंध घालायला सुरुवात केली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा ठरला. मात्र युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. बंदूक तीच, गोऱ्याच्या घरी ती शिकारीचं साधन आणि आपल्या घरी राजद्रोहाची शक्यता! त्याच १८७८ साली याच लिटनसाहेबांनी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही केला. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे हा योगायोग मला विसरता येत नाही. सरकारला एकाच वर्षी आपल्या लेखणीची आणि आपल्या बंदुकीची भीती वाटली. त्यातला वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत, १८८२ साली रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र इंग्रज निघून गेल्यावरही पंधरा वर्षं टिकला.

काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. १९३१ साली कराचीला सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. स्वातंत्र्य आल्यावर हा हक्क राज्यघटनेत यायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती सुचवलीही. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला, तर तो गुन्हेगारालाही मिळेल, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक मोलाचा होता. व्यक्तीच्या हक्कापेक्षा त्यांनी नागरिकाच्या कर्तव्यावर भर दिला. राज्यावर संकट आलं, तर राज्याने नागरिकांना शस्त्र हाती घ्यायला सांगावं. म्हणजे आणीबाणीची तयारी ही एकेका घराची न राहता सगळ्यांची मिळून झाली.

तो हक्क घटनेत आला नाही. १९५९ साली स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यातलं तेरावं कलम महत्त्वाचं. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना मागणाऱ्या नागरिकाला तो द्यावा, असं हे कलम म्हणतं. अर्थात, अर्जदार अपात्र ठरला तर नकार देता येतो. रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं. म्हणजे घरासाठी कोणती बंदूक घ्यावी हा प्रश्न आपल्याकडे दुकानात सुटत नाही, तो बराचसा कायद्यानेच सोडवलेला असतो. लांब नळीची बंदूक सदऱ्याखाली लपत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

म्हणून घरोघरच्या परवान्यांवर सर्वाधिक ओळखीची झाली ती बारा बोअरची बंदूक. ऐपतीप्रमाणे एकनळी किंवा दोननळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत बसेल, ती बारा बोअर. मोडून मागून काडतूस घालायचं, बंद करायचं, की झालं. बिघडायला फारसं काही नाही. जुन्या काळी काडतुसांची नळकांडी कागदी असत, ती दमट हवेत फुगत आणि ऐन वेळी नळीत शिरत नसत. पुढे प्लॅस्टिक आलं आणि ही अडचण संपली. ही काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीला, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. इतर भारतीय बनावटीचीही एक गंमत आहे. लष्कराच्या मापाची .३०३ रायफल नागरिकाला वर्ज्य, म्हणून तशाच धाटणीची .३१५ मापाची रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी बनू लागली. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अर्धा किलोच्या आसपास आणि किंमत सुमारे सव्वा लाख रुपये! जी बाई रात्रपाळी करून शेवटच्या लोकलने घरी येते, तिच्या पर्सला ते परवडणार कसं?

एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात यावरही मर्यादा आहे. पूर्वी तीन चालत, २०१९च्या दुरुस्तीने दोनच राहिल्या. अपवाद कोडगूचा. तिथल्या कोडवांना इंग्रजांनी १८६१ साली दिलेली परवान्यातली सूट आजही चालू आहे आणि २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. कैलपोद या सणाला ते बंदुकीची पूजा करतात.

आता माझी आठवण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा मी एका उपनगरातल्या इमारतीत राहत होतो. विशी नुकतीच ओलांडली होती. इमारतीत दोन्ही धर्मांची माणसं, आणि रात्री गस्तही दोघांची मिळून. हातात काठ्या आणि क्रिकेटचे स्टंप. वरच्या मजल्यावरच्या एका काकांकडे परवान्याची दोननळी होती. आम्ही पोरांनी ती खाली आणायचा आग्रह धरला. ते म्हणाले, "अंधारात समोर कोण आहे ते कळत नाही रे. उगारलेली काठी अर्ध्यावर थांबवता येते, बार नाही थांबवता येत." बंदूक कपाटातच राहिली आणि ते स्वतः काठी घेऊन आमच्यात येऊन बसले. आमच्या इमारतीवर कुणी चालून आलं नाही. आलं असतं तर त्या रात्री काय योग्य ठरलं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्याच काळात एका नामवंत अभिनेत्याने बेकायदा रायफल घरी ठेवली. कुटुंबाच्या रक्षणासाठी ती ठेवल्याचं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा पाच वर्षांवर आणली. भीती खरी असली, तरी ती परवान्याची जागा घेत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क १८६०च्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण त्याची मर्यादा जुनीच आहे: बचावाला लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर ती आधी.

आजोबा गेले आणि वडिलांनी ती ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. वारसाने तसं करायचं असतं. आजीने तिथून मिळालेली पावती आपल्या पेटीत जपून ठेवली. त्यानंतर गावात चोरी झाल्याची बातमी आली, की ती बंदुकीचं नाव काढत नसे. संध्याकाळी शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारायची, "रात्री काही आवाज आला, तर हाक द्या हो!" तिकडूनही तशीच हाक यायची.