फिट आली की कांदा : एका उपचाराची कुळकथा

जुन्नर-आंबेगाव हा कांद्याचा मुलूख. ओतूर, आळेफाटा, मंचरच्या बाजारात गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि उन्हाळी कांदा चाळीत साठवलेला असतो. त्यामुळे कुणाला फेफरं आलं, की आधी तोच हाताला लागतो. कुणी बुक्कीनं कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी पायातली वहाण काढतं, कुणी आवळलेल्या मुठीत किल्ल्या कोंबतं. दोनेक मिनिटांत अंग सैल पडतं, तोंडाचा फेस ओसरतो आणि गर्दीतून आवाज येतो, "बघा, कांद्यानं आला शुद्धीवर!"

या रीतीची मुळं फार जुनी आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा. दोषांमुळे हृदय, मन आणि स्रोतसं (शरीरातल्या वाहिन्या) अडतात, ती तीक्ष्ण उपायांनी मोकळी करावीत, असा तिथला विचार. म्हणून नाकात झोंबरं नस्य, डोळ्यांत अंजन आणि धुरी. धुरीसाठी मुंगूस, घुबड, मांजर, गिधाड, साप, कावळा अशा जीवांची तोंडं, पिसं आणि विष्ठा सांगितली आहे. पोटात घ्यायला तेलातला लसूण किंवा मधातलं वेखंड. कांदा आणि वहाण याच विचाराच्या कुळातले. जिन्नस घरातले झाले, पण उग्र वासानं माणूस जागा करायचा, हे सूत्र तेच.

चीननंही नाकाजवळचीच जागा निवडली. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्यानं तातडीच्या उपचारांच्या ग्रंथात, अचानक निपचित पडलेल्या माणसाच्या नाकाखालची खळी नखानं दाबायला सांगितलं. अ‍ॅक्युपंक्चरमधल्या या 'रेनझोंग' बिंदूवर फिट आल्यावरही दाब देतात. अपस्मारावरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या कॉक्रेन संस्थेनं 2014 मध्ये तपासल्या, तेव्हा मात्र भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

मग हे उपाय शतकानुशतकं टिकले कसे? फिटच्या झटक्यात मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंदेश एकाच वेळी उसळतात आणि बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपोआप शांत होतात. त्या क्षणी ज्याच्या हातात कांदा, श्रेय त्याच्या पदरात.

खरी औषधं फार उशिरा आली. 1912 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटलचा गुण दाखवला, 1938 मध्ये फेनिटॉइन आलं. आज नीट निदान होऊन नियमित गोळ्या मिळाल्या, तर सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी कांदा चाळीतच राहू द्या. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांवर गेला, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. आणि झटका आपोआप थांबला, तरी त्या माणसाला डॉक्टरांकडे नेल्याशिवाय राहू नका.