नेपाळला जाण्याआधी

यंदा दिवाळीनंतर मी आणि सौ. नेपाळला जायचे म्हणतो आहोत. वारंगा फाट्यावरून नागपूरची बस, तिथून रेल्वेने गोरखपूर, पुढे सोनौलीची सरहद्द आणि मग काठमांडू, असा साधा बेत आहे. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालते. त्यामुळे पुतण्या म्हणाला, "काका, नेपाळ म्हणजे आपलंच की! त्यात तयारी कसली?" त्या "आपलंच" शब्दापाशी मी अडलो. वर्गात इतिहास शिकवण्यात जन्म गेला, खोड जात नाही.

आपली मराठी माणसे याआधी नेपाळात कशासाठी गेली, ते आठवून पाहा. १८५७ च्या उठावात हार झाल्यावर १८५९ च्या सुमारास नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. त्यांना वाटले असेल, हिंदू राज्य आहे, पाठीशी घालील. पण तिथली सत्ता होती जंगबहादूर राणांच्या हाती, आणि हे जंगबहादूर १८५८ साली स्वतः फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला गेले होते. पेशव्यांच्या घरातल्या बायकांना त्यांनी काठमांडूत आसरा दिला. अवधच्या बेगम हजरत महल यांनाही दिला, त्या तिथेच १८७९ साली वारल्या. नानासाहेबांना मात्र उघड थारा मिळाला नाही. त्यांचा शेवट कुठे, कसा झाला, यावर आजही एकमत नाही. इंग्रजांनी १८६० मध्ये जंगबहादूरना तराईचा पश्चिम भाग परत दिला. १८१६ च्या सुगौली तहात नेपाळने तो गमावला होता.

हे वाचून आपल्या माणसाला चटकन राग येतो. पण मंडळी, जरा आपल्या मराठवाड्याकडे बघा. त्या वेळी आपण निजामाच्या राज्यात होतो. दिवाण सालारजंग यांनी इंग्रजांचीच बाजू धरली. हैदराबाद कंटिन्जंटची एक छावणी आपल्या हिंगोलीला होती आणि याच कंटिन्जंटच्या पलटणी झाशी-काल्पीच्या मोहिमेत इंग्रजांकडून लढल्या. बक्षीस म्हणून १८६० मध्येच निजामाला धाराशिवचा मुलूख परत मिळाला. साल एक, हिशेब एक. मग बोट एकट्या नेपाळकडे कसे दाखवायचे?

दुसरी गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. टिळकांच्या गोटातले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर नेपाळला गेले. पुढे 'कीचकवध' लिहिणारे तेच हे नाटककार. वासुकाका जोशीही या बेतात होते. कारखाना काढायचा कौलांचा आणि आतून जुळवाजुळव करायची बंदुकांची! बेत तडीस गेला नाही, खाडिलकरांना परतावे लागले. तेव्हा तिथे पंतप्रधान होते चंद्र शमशेर राणा. इंग्रजांशी वैर घेणे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांना सैनिक दिले आणि १९२३ च्या तहात नेपाळचे स्वातंत्र्य इंग्रजांकडून कागदावर मान्य करून घेतले. योगायोग बघा, खाडिलकरांनी 'नवाकाळ' काढला तो त्याच वर्षी. आपल्याला स्वातंत्र्य मिळायला अजून २४ वर्षे होती, आणि आमच्या मराठवाड्याला २५.

मला एवढेच म्हणायचे आहे, की दोन्ही वेळा आपण नेपाळला आपल्या लढाईचे मागचे दार समजलो. त्या घरालाही मालक आहे, त्याच्याही डोक्यावर छप्पर टिकवायची काळजी आहे, हे आपण मोजलेच नाही. दक्षिणेला बलाढ्य इंग्रज, उत्तरेला तिबेट आणि चीन. या कात्रीत राणांनी आपले राज्य सांभाळले. त्यांच्या राजवटीत तिथल्या प्रजेने पुष्कळ सोसले, तेही खरे. पण ते राज्य इंग्रजांच्या घशात गेले नाही. मोठमोठ्या संस्थानांना हे जमले नव्हते.

म्हणून तयारीच्या वहीत पशुपतिनाथाच्या जोडीला दोन ठिकाणे टिपून ठेवली आहेत. एक, जंगबहादूरांचा वाडा होता ते थापाथळी. दुसरे, जामा मशिदीजवळची बेगम हजरत महल यांची कबर. सौ. म्हणाल्या, "तिथे ओटी भरता येत नसेल, पण फूल तर वाहता येईल ना?"

पुतण्याला मी सांगितले, बाबा रे, नेपाळ आपले नाही, शेजाऱ्यांचे आहे. शेजाऱ्याकडे जाताना माणूस कसा, उंबऱ्याबाहेर वहाणा काढून आत जातो, तसे आम्ही जाणार आहोत.