दास्यमुक्ती आणि दोन मते

इ. स. १८६३ च्या जाहीरनाम्याने अमेरिकेतील सर्व गुलाम मुक्त झाले, असा समज आम्हांस पुष्कळांत आढळतो. वस्तुतः तो बंडखोर राज्यांपुरताच होता. युद्धानंतर तो टिकेल, याची खुद्द लिंकन यांना शाश्वती नव्हती. म्हणून त्यांनी घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. १८६४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती फेटाळली. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. दोन-तृतीयांशांहून अवघी दोन मते अधिक! ‘लिंकन’ (२०१२) या चित्रपटात हीच झुंज रंगविली आहे. डिसेंबरात दुरुस्ती अमलात आली, तेव्हा लिंकन हयात नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ याच कार्याबद्दल तेथील जनतेस आदरपूर्वक अर्पण केला. न्यायाची घोषणा कायद्यात उतरेपर्यंत स्वस्थ बसू नये, एवढा बोध ज्ञातिबांधवांनी घ्यावा, ही आमची विनंती.