लाखेची कांडी आणि टिपूची गोष्ट

बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर साधारण ६० किलोमीटरवर चन्नपट्टण लागतं. कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो सांगेल की इथली लाकडी खेळणी टिपू सुलतानाने सुरू केली. त्याने इराणहून कारागीर आणवले, त्यांनी इथल्या लोकांना लेथ शिकवली, आणि झालं गाव तयार. गोष्ट सुटसुटीत आहे. पर्यटकाला पाच मिनिटांत सांगता येते. पण मी त्या गावात जवळजवळ सात महिने, सुट्टी मिळेल त्या रविवारी, एका उस्तादांकडे लेथ शिकायला जात होतो. हाताला काम कळू लागलं तशी ही गोष्ट मला अपुरी वाटू लागली. आज त्याबद्दल.

लाकडाचं वेड मला आधीपासून होतं. युनिटमधल्या सुताराच्या लेथवर पाय, मुठी असलं काही करून बघितलं होतं. बेंगळुरूला बदली झाल्यावर ठरवलं की आता नीट गुरू करायचा. उस्ताद सत्तरीचे. तासाचे पैसे ठरले, चहा त्यांच्याकडून. पहिले तीन रविवार त्यांनी मला फक्त पटाशी धरायला लावली. आपण फौजी, सगळं जोर लावून करायची सवय. ते म्हणायचे, "जोर नक्को साहब, लकडी को आने देव." हे 'नक्को' ऐकून मी हसलो, तर त्यांना नवल वाटलं. बहमनी काळापासून दख्खनी बोलीत रुळलेला आपला 'नको' तिथे बसून रोज कानावर पडत होता.

काम असं चालतं. लाकूड आले मराचं, म्हणजे आपल्या कोकणातला काळा कुडा. पांढरं, हलकं, रेषा अगदी बारीक. ओंडके काही महिने सुकवायचे, मग तुकडे करून लेथवर चढवायचे. आधी गोल, मग आकार, मग घासणं. खरी गंमत पुढे आहे. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवायची. घर्षणानेच उष्णता तयार होते, ७०-८० अंशांच्या आसपास लाख मऊ पडते आणि लाकडावर चढते. कांडी हलकी टेकली तर ओरखडे उठतात, दाबली तर गोळे बसतात. शेवटी केवड्याच्या सुक्या पातीने दाबून तो थर पसरवायचा, की आरशासारखी चमक येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळवणं नाही. लेथवरून उतरलेली वस्तू त्याच क्षणी तयार. हळद, नीळ असे वनस्पतीचे रंग वापरले तर मुलाने तोंडात घातली तरी घोर नाही.

आता या लाखेचं मूळ बघा. ती एका किड्याची. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर तो आपल्याभोवती राळेचं कवच करतो, तीच लाख. माझी एक पोस्टिंग रांचीजवळ नामकुमला झाली होती. तिथे १९२४ साली स्थापन झालेली लाख संशोधन संस्था आहे आणि आजूबाजूच्या झारखंडातच देशातली मोठ्यात मोठी पैदास होते. त्या वेळी संस्थेच्या फाटकावरून रोज गाडी जायची, पण आत काय चालतं याची उत्सुकता कधी वाटली नाही. चन्नपट्टणला उस्तादांनी कांडी हातात दिली तेव्हा नामकुम आठवलं.

आणि त्याहून आधीचं भुजही. कच्छमधल्या निरोणा गावात वाढा समाजाचे लोक जमिनीवर बसून धनुकलीच्या दोरीने लेथ फिरवतात. एका हाताने धनुकली पुढे-मागे, दुसऱ्या हातात हत्यार. लाकूड एकदा आपल्याकडे फिरतं, एकदा उलटं. आपल्याकडे येतं तेवढ्याच वेळात कापायचं. त्यावरही लाखच, तीही घर्षणाने चढवलेली. आंध्रात वराह नदीकाठच्या एटिकोप्पाक गावात पुन्हा तेच, लाकूडसुद्धा हेच, तिथे त्याला अंकुडू म्हणतात. गुजरातच्या संखेड्याला सागवानी फर्निचरवर लाख. आणि आपली सावंतवाडी! चितार आळीतल्या रंगीत फळांसाठी आणि खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे.

आता सांगा, एवढ्या ठिकाणी टिपूचे इराणी कसे पोचले? मला वाटतं, लाख आणि लेथ ही जोडी या देशात फार जुनी आणि फार पसरलेली आहे. 'खराद' हा शब्द उत्तरेत फारसीच्या वाटेने आला हे खरं, पण मराठीत 'कातारी' आपला आहेच. सुबक चेहऱ्याला आपण 'कातीव' म्हणतो तो शब्द याच कामातला. दगडाचंही उदाहरण आहे. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं. तिथले गुळगुळीत, वलयं असलेले खांब फिरवून घडवले असं अभ्यासक मानतात. बेलूर इथून काही फार लांब नाही. ज्या मुलखात टिपूच्या साडेसहाशे वर्षं आधी दगड कातला जात होता, तिथे लाकूड कातायला शिकवायला समुद्रापलीकडून माणूस लागला असेल, हे माझ्या गळी उतरत नाही.

म्हणजे टिपूचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही. त्याला यंत्रांचा आणि कारागिरीचा शौक होता. त्याचा तो लाकडी वाघ, पोटात ऑर्गन असलेला, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. १७९९ च्या मेमध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत गेला. दरबाराचा आश्रय, चांगले दाम, बाहेरून आलेले दोन-चार हुन्नरी लोक, एवढं त्याने दिलं असणं शक्य आहे. परंपरा अशा आश्रयाने वाढते.

लढाईच्या नकाशावरही चन्नपट्टण आहे, ते फौजी वाचकांसाठी. १७९१ च्या मेमध्ये कॉर्नवॉलिस बेंगळुरूहून श्रीरंगपट्टणकडे निघाला तेव्हा सरळ वाट चन्नपट्टणवरून होती. टिपूने ती अडवून धरली म्हणून इंग्रज कनकपुऱ्याच्या आडवाटेने गेले. अरिकेरेची लढाई जिंकली, पण पाऊस, रोगराई आणि उपासमारीने बैल मेले, आणि जड तोफा स्वतःच फोडून त्यांना परतावं लागलं. परतीच्या वाटेवर मेलकोट्याजवळ भेटले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या लष्करी बाजारातून धान्य मिळालं म्हणून ती फौज तगली. पुरवठ्यावर लढाया कशा फिरतात याचा हा धडा आमच्या सर्व्हिस कोअरच्या मंडळींना आवडेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावस मियाँ यांनी जपानी पद्धती पाहून इथली खेळणी बदलली. त्यांना इथे खेळण्यांचे जनक मानतात, आणि माझ्या मते गावाने टिपूपेक्षा त्यांचं नाव जास्त घ्यायला हवं. चन्नपट्टणच्या खेळण्यांना जीआय मानांकन आहे.

एवढं असूनही उस्तादांची दोन्ही मुलं बेंगळुरूत नोकरीला आहेत. मार्च २०२३ मध्ये नव्या एक्स्प्रेसवेचं उद्घाटन झालं. तो गावाला वळसा घालून जातो, त्यामुळे जुन्या रस्त्यावरच्या दुकानांसमोर थांबणाऱ्या गाड्या कमी झाल्या. स्वस्त प्लास्टिकशी झगडा आधीपासून होताच. शेवटच्या काही रविवारी मी कुंकवाचा करंडा करायला शिकलो, झाकण हवेच्या दाबाने हळू खाली बसेल असा. उस्तादांनी तो उलटा धरून हलवला, झाकण पडलं नाही. मग त्यांनी फीचा तास तिथेच थांबवला आणि पुढचा अर्धा तास फुकट शिकवलं.

कुणी जाणार असाल तर म्हैसूरच्या गाडीने चन्नपट्टण स्टेशनला उतरा, नाहीतर जुन्या रस्त्यानेच गाडी घाला. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाच्या वेळी बऱ्याच लेथ बंद असतात.